सर विश्वेश्वरय्या : अवघड कामाची सोपी वाट शोधणारे इंजिनिअर



१५ सप्टेंबर जवळ आला की आपल्या शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी फिरायला लागतात. एक रेल्वेची. डब्यात बसलेल्या विश्वेश्वरय्यांना रुळाच्या आवाजातला फरक कळला, त्यांनी साखळी ओढली आणि पुढे खरंच रूळ तुटलेला निघाला. दुसरी दोन मेणबत्त्यांची. सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती आणि स्वतःच्या वाचनाला स्वतःची. गोष्टी छान आहेत, पोरांना आवडतात, मीही सांगते. पण त्या सांगून झाल्यावर एखादं चौकस मूल विचारतं की या माणसाने काम काय केलं? मग आपण फळ्यावर धरण, भारतरत्न आणि अभियंता दिन असे तीन शब्द लिहितो आणि तास संपतो.

खरं सांगायचं तर हे थोडं अन्यायाचं आहे. या माणसाच्या नोकरीतली पहिली चोवीसेक वर्षं आपल्याच मुंबई इलाख्यात गेली. नाशिक, धुळे, पुणे, नीरेचा कालवा ही आपल्या ओळखीची गावं आणि पाणी. त्यांच्या बुद्धीची खरी कमाल दिसते ती इथल्या कामांत. म्हणून आजच्या पाठात त्यांचं चरित्र सांगताना मी जास्त वेळ या कामांवर घालवणार आहे. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांच्यासमोर आलेला प्रत्येक प्रश्न मोठा, खर्चिक आणि किचकट होता. आणि त्यांनी काढलेलं उत्तर ऐकलं की वाटतं, अरे, हे तर आपल्यालाही सुचलं असतं!

जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा. गाव मुद्देनहळ्ळी. तेव्हा ते म्हैसूर संस्थानात होतं, आज कर्नाटकच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात येतं. घराणं मूळचं आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचं, म्हणून नावात मोक्षगुंडम. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित होते, पण घरात पैसा नव्हता. वडील लवकर गेले. मुलगा मामांच्या आधाराने बंगळूरला शिकला. दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवायचा. १८८१ साली बी. ए. झाले. हुशारी पाहून म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आपण आज ज्याला सीओईपी म्हणतो तेच हे कॉलेज. १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात, म्हणजे पी. डब्ल्यू. डी. मध्ये, असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. वय तेवीसच्या आतबाहेर.

नवीन नोकरीत पहिलं काम आलं धुळ्याकडचं. पांझरा नदीच्या एका पाटावर नळांचा सायफन बसवायचा होता. म्हणजे पाणी नळातून खाली उतरवून पलीकडे पुन्हा वर काढायचं. दिवस पावसाळ्याचे. नदीला पूर येऊन काम वाळू-गाळाने भरून जायचं. त्यांनी साहेबाला लिहिलं की पाऊस थांबेपर्यंत काम थांबवू या. साहेबाला ते आवडलं नाही, नवा पोरगा काम टाळतोय असं वाटलं. मग विश्वेश्वरय्यांनी वाद न घालता भर पावसात ते काम उरकलं आणि साहेबाचं मतही बदललं. हा प्रसंग बऱ्याच पुस्तकांत शिस्तीचा धडा म्हणून येतो. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ती म्हणजे पांझरेचं खोरं.

खानदेशातल्या वाचकांना फड पद्धत सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पांझरा, मोसम या नद्यांवर फार जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांकडे जातं. त्या पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते. एका हंगामात एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, उसाचा फड वेगळा, भुसारचा वेगळा. पुढच्या हंगामात पीक फिरतं. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागले, आणि सगळा कारभार गावकऱ्यांच्या पंचांचा. कोणाचं शेत पाटाच्या तोंडाशी आहे आणि कोणाचं शेवटाला, यावरून भांडण कमी, कारण पाणी माणसाला मिळत नाही, फडाला मिळतं. ही व्यवस्था कोणा साहेबाने लावून दिलेली नव्हती, शेतकऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या घडवली होती. तरुण विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीलाच या मुलखात होते, एवढं लक्षात ठेवा. पुढे नीरेच्या कालव्याची गोष्ट येईल तेव्हा पुन्हा याची आठवण काढू.

आता सक्कर. हे गाव सिंधू नदीच्या काठी, आज पाकिस्तानात. तेव्हा सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच होता, म्हणून त्यांची तिकडे नेमणूक झाली. १८९४ च्या सुमाराची गोष्ट. गावाला पाणी सिंधूचं, आणि सिंधूचं पाणी म्हणजे गढूळ, गाळाने लाल-तपकिरी. ते उचलून टेकडीवर चढवायचं आणि गावात सोडायचं, पण पाणी तसंच प्यायला कोण तयार होणार? पुस्तकी उत्तर एकच होतं, वाळूच्या थरांचे मोठे गाळणी-हौद बांधायचे. त्याला जागा पाहिजे, बांधकाम पाहिजे, दर थोड्या दिवसांनी वाळू धुवायला माणसं पाहिजेत. नगरपालिकेकडे तेवढे पैसे नव्हते. थोडक्यात काम अडलं होतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की बाया काय करतात? पात्रातल्या वाळूत झिरा खणतात. शेजारी डबक्यात शेवाळलेलं पाणी असतं, आणि हातभर लांब झिऱ्यात नितळ पाणी वाटीने भरून घेता येतं. गाळण्याचं काम वाळूने आधीच केलेलं असतं. विश्वेश्वरय्यांचं उत्तर नेमकं हेच होतं. त्यांनी काठाजवळ नदीच्या पात्रातच विहीर खणायचं ठरवलं. नदीचं पाणी वाळूतून झिरपत विहिरीत येईल, येताना गाळ मागे ठेवील. गाळणी वेगळी कशाला बांधायची, नदीच्या तळाशी ती निसर्गाने घालूनच ठेवली आहे.

पण इथे एक मिनिट थांबा, कारण मुलांना सांगताना आपण इथेच घाई करतो. विहीर खणली आणि प्रश्न सुटला असं झालं नाही. विहिरीत झिरपणारं पाणी गावाला पुरेसं नव्हतं. झिऱ्यावर एका घराची तहान भागते, गावाची नाही. मग त्यांनी विहिरीच्या तळापासून नदीच्या पात्राखाली बोगदा काढला, म्हणजे झिरपायला जास्त जागा मिळाली. नदीच्या खाली बोगदा काढणं हे काही सोपं काम नाही. कल्पना साधी होती, मेहनत साधी नव्हती. १८९५ मध्ये सक्करला स्वच्छ पाणी मिळालं. सोपं उत्तर म्हणजे कमी कष्टांचं उत्तर, असा समज मुलांच्या मनात राहू देऊ नका. त्याने त्यांचं पुढे नुकसान होतं.

तिथून सुरत करून ते पुण्याला आले. पुण्यातली ही वर्षं त्यांच्या आयुष्यातली सुखाची असावीत असं वाटतं. न्यायमूर्ती रानडे, गोखले, भांडारकर यांच्यासारखी माणसं तेव्हा पुण्यात होती आणि विश्वेश्वरय्यांची त्यांच्यात ऊठबस होती. मधे १८९८ मध्ये ते जपानला जाऊन आले आणि तिथलं शिक्षण आणि कारखाने बघून भारावले. ते सगळं वगळून मी थेट खडकवासल्याला येते.

पुण्याला आणि खडकीच्या छावणीला पाणी देणारं, शिवाय मुठा कालव्याला पाणी सोडणारं हे धरण १८७९ मध्ये पुरं झालं होतं. तलावाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. विश्वेश्वरय्या सिंचनाचं काम बघू लागले तोवर पुणे वाढलं होतं, कालव्याखालची शेती वाढली होती, आणि पाणी कमी पडायला लागलं होतं. गंमत अशी की दर पावसाळ्यात हेच धरण भरून सांडव्यावरून सहा-सात फूट उंचीचं पाणी वाहून जायचं. पावसाळ्यात पाणी वाया आणि उन्हाळ्यात टंचाई. आपल्याकडे आजही हे वाक्य जसंच्या तसं चालतं, नाही का?

कोणालाही सुचणारा उपाय म्हणजे भिंत आणि सांडवा उंच करा. पण सांडवा पक्का बांधून उंच केला तर पूर आल्यावर जादाचं पाणी जाणार कुठून? जुन्या भिंतीवर ताण येणार, भिंत जाड करायची तर प्रचंड खर्च. दुसरा उपाय, सांडव्यावर दारं बसवा. दारं बसवली तर ती वेळेवर उघडणार कोण? पूर दिवसा, ऑफिसच्या वेळात येत नाही. मध्यरात्री, मुसळधार पावसात, अंधारात कोणीतरी सांडव्यावर जाऊन दारं उघडायची. तो माणूस झोपला, आजारी पडला, रस्ता पाण्याखाली गेला, तर सगळं पुणं धोक्यात.

म्हणजे प्रश्न आता धरणाचा राहिला नव्हता. मध्यरात्री दार कोण उघडणार, एवढाच उरला होता. त्याचं त्यांनी दिलेलं उत्तर असं, की ज्या पाण्यामुळे धोका आहे, त्या पाण्यानेच दार उघडावं.

हे तुम्ही वर्गात कसं समजावाल? विहिरीवरून पाणी शेंदलेल्या आज्यांना विचारा. भरलेली घागर पाण्याच्या आत असते तोवर हलकी लागते, पाण्याबाहेर आली की दोर हाताला काचतो. पाणी वस्तूला खालून उचल देतं. विश्वेश्वरय्यांनी दारं मोठ्या वजनांच्या तोलावर ठेवली, तराजूच्या दोन पारड्यांसारखी. तलावाची पातळी ठरलेल्या खुणेच्या खाली असेपर्यंत वजन दाराला मिटून धरतं. पाणी खुणेच्या वर गेलं की ते वजनाच्या कुंडीत शिरतं, वजन पाण्यात हलकं होतं, तोल फिरतो आणि दार उघडतं. जादाचं पाणी निघून गेलं, पातळी उतरली, की तोल पुन्हा जागेवर येतो आणि दार मिटतं. ना इंजिन, ना रात्रपाळीचा माणूस.

१९०३ मध्ये खडकवासल्याला ही स्वयंचलित दारं बसली. मूळ सांडव्याच्या वर साधारण आठ फूट पाणी अडवता येऊ लागलं आणि साठा सुमारे पाव पटीने वाढला. भिंतीची उंची न वाढवता! त्यांनी या रचनेचं पेटंटही घेतलं. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर याच पद्धतीची दारं बसवली गेली. जाता जाता सांगते, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा खडकवासल्याचं हे जुनं धरणही फुटलं, आणि विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. त्यांना ती बातमी वाचताना काय वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आता नीरेचा कालवा, म्हणजे बारामती-इंदापूरचा भाग. इथे यंत्राचा प्रश्न नव्हता, माणसांचा होता, म्हणून हा जास्त अवघड. कालव्याला पाणी होतं. पण ज्याचं शेत कालव्याच्या तोंडाशी तो ऊस लावायचा आणि पाणी नुसतं सोडून द्यायचा. गावाजवळच्या जमिनी चिबड व्हायला लागल्या, पाणी साचून हिवताप पसरायला लागला. कालव्याच्या शेवटाला असलेला शेतकरी मात्र पाण्याची वाट बघत बसायचा. पुढच्या वर्षी पाणी मिळेल की नाही याची खात्री कोणालाच नाही, म्हणून मिळेल तेव्हा ओरबाडून घ्यायचं. कालव्याच्या कारकुनांच्या मर्जीवर बरंच काही चालायचं. खात्याला वाटे शेतकरी बेशिस्त आहेत, शेतकऱ्यांना वाटे खातं लबाड आहे.

विश्वेश्वरय्यांनी सुचवली ती ब्लॉक पद्धत. कालव्याखालच्या चांगल्या जमिनीचे ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे. गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस किंवा भात यांसारखं जास्त पाण्याचं पीक, उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिकं, आणि ही पिकं पाळीपाळीने फिरवायची. गटाला काही वर्षांच्या कराराने पाण्याची हमी द्यायची. तेच पाणी जास्त गावांना पुरेल, जमीन चिबडणार नाही आणि शेतकऱ्याला पुढच्या वर्षीची काळजी राहणार नाही.

फडाची आठवण झाली? साम्य तुम्हीच बघा. मला तरी हे वाचताना पांझरेचे फड दिसतात.

ही योजना लोकांनी टाळ्या वाजवून स्वीकारली असं मात्र नाही. ज्यांना आजवर हवं तेवढं पाणी मिळत होतं ते बिथरले. सरकार पाणी कमी करून पट्टी जास्त घेणार असा संशय पसरला. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांच्या सभा घेतल्या, एकेक शंका ऐकली, हिशेब समजावले. हळूहळू लोक तयार झाले. पुढे सगळ्या देशाच्या सिंचनाची पाहणी करणाऱ्या आयोगानेही या पद्धतीची चांगली दखल घेतली.

आपल्या शाळेतली एक साधी गोष्ट घेते. मधल्या सुट्टीत नळावर झुंबड उडते, पोरं एकमेकांना ढकलतात, एखादं पडतं. आपण काय करतो? रांगेची पाटी लावतो, एका शिक्षकाला उभं करतो, मग मोठी मुलं लहानांना हटवतात म्हणून ओरडतो. सगळा भर पोरांच्या वागण्यावर. पण चार वर्गांची सुट्टी एकाच वेळी होते आणि नळ दोनच चालू आहेत, हे कोणी मोजलेलंच नसतं. दोन वर्गांची सुट्टी दहा मिनिटं आधी केली तर निम्मं भांडण आपोआप मिटतं. नीरेवर हाच फरक होता. माणसांना दोष देणं थांबवून त्यांनी पाणी कसं वाटलं जातं ते बघितलं. मुख्याध्यापकांनी हा परिच्छेद जरा दोनदा वाचावा ही विनंती.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. पेन्शनची पंचवीस वर्षं भरायच्या आत. कामाच्या जोरावर ते अनेक वरिष्ठांना ओलांडून वर आले होते, त्याची नाराजी होती. आणि सर्वांत वरची जागा त्या काळात हिंदी माणसाला मिळणं जवळपास अशक्य होतं. हा प्रश्न कुठल्याही स्वयंचलित दाराने सुटणारा नव्हता. त्यांनी तो आपल्यापुरता सोडवला, बाहेर पडून.

ते परदेशात फिरत असतानाच हैदराबादहून बोलावणं आलं. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला भयानक पूर आला होता आणि हजारो माणसं गेली होती. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. शहरातून वाहणाऱ्या नदीला भिंती घाला, काठ उंच करा, असं कोणीही म्हटलं असतं. विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये तिथे गेले आणि आधी पावसाचे आकडे गोळा करायला बसले. नदीच्या वरच्या भागात शेकडो लहान तलाव होते. त्यांतले दोनशेहून जास्त एका पावसात फुटले होते आणि ते सगळं पाणी एकदम शहरावर आलं होतं. म्हणून त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला दोन मोठे जलाशय सुचवले, पूर तिथेच अडवायचा आणि बेताने सोडायचा. मुसीवरचा उस्मानसागर आणि इसी नदीवरचा हिमायतसागर ते हेच. पुराचं पाणी मग हैदराबादला प्यायलाही उपयोगी पडलं.

त्याच वर्षी म्हैसूरने त्यांना चीफ इंजिनिअर म्हणून बोलावलं. कावेरीवरच्या कृष्णराजसागराची कहाणी आपल्या पुस्तकांत असते, म्हणून मी लांबवत नाही. एकच सांगते. धरणाचं काम १९११ मध्ये सुरू झालं तेव्हा सिमेंट बहुतेक परदेशातून आणावं लागे आणि ते महाग होतं. धरण बांधलं गेलं चुना आणि सुरखीत, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीत. जुन्या वाड्यांच्या भिंती ज्याने उभ्या राहिल्या तोच मसाला. आजही धरण उभं आहे.

१९१२ मध्ये महाराज कृष्णराज वडियार यांनी त्यांना दिवाण केलं. दिवाण झाल्यावर पाहुणे-रावळे कामं घेऊन येणार हे उघड होतं. म्हणून पद स्वीकारण्याआधी त्यांनी नातेवाइकांना जमवून सांगितलं, की माझ्याकडे कोणीही शिफारस मागणार नसाल तरच मी हे पद घेतो. ही हकीकत सगळीकडे सांगितली जाते, आणि मला ती मेणबत्तीपेक्षा जास्त भावते. एकेका पाहुण्याला नाही म्हणत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच, आणि आधीच, नाही म्हणून टाकलं.

शिक्षणात तर त्यांनी झपाटून काम केलं. संस्थानात सुमारे साडेचार हजार शाळा होत्या, त्या सहा वर्षांत साडेदहा हजारांच्या घरात गेल्या. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ निघालं. म्हैसूर बँक, उद्योग, पुढे भद्रावतीचा पोलाद कारखाना, यादी मोठी आहे.

पण इथेच एक प्रश्न असा आला जो त्यांच्या पद्धतीने सुटला नाही, आणि तो आपण मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. संस्थानातल्या सरकारी नोकऱ्या बहुतेक ब्राह्मणांच्या हाती होत्या. बाकीच्या समाजांनी वाटा मागितला आणि महाराजांनी १९१८ मध्ये त्यासाठी मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे पटलं नाही. नोकरी गुणांवरच मिळावी, मागे राहिलेल्यांना शिक्षण द्यावं म्हणजे ते आपोआप पुढे येतील, असं त्यांचं मत होतं. त्याच वर्षी ते दिवाणपदावरून दूर झाले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिल्या पिढीची शिकणारी पोरं रोज बघते. इथे मला त्यांचं म्हणणं पटत नाही. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ लाच मागास समाजांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचंही केलं होतं. शिक्षण आणि जागा, दोन्ही एकदम. नवल वाटतं ते याचं, की नीरेवर हाच माणूस बरोबर बघत होता. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याला पाणी आधी मिळतं आणि शेवटचा कोरडा राहतो, नुसतं पाणी वाढवून भागत नाही, वाटपच बदलावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. नोकऱ्यांच्या बाबतीत ते त्यांना दिसलं नाही. थोर माणसाचं चरित्र शिकवताना हा भाग गाळला तर सातवी-आठवीची मुलं पुढे कधीतरी तो वाचतील आणि आपण का सांगितलं नाही असं विचारतील.

पुढची चाळीसेक वर्षंही ते स्वस्थ बसले नाहीत. भद्रावतीचा तोट्यातला कारखाना सांभाळला, देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले तेव्हा वयाची शंभर वर्षं उलटली होती.

आता १५ सप्टेंबरला वर्गात काय करता येईल ते सांगते. भाषण पाठ करून घेण्यापेक्षा दोन बादल्या पाणी आणा. एक प्रयोग घागरीचा. दोरी बांधलेला दगड मुलांना आधी हवेत आणि मग बादलीत बुडवून धरायला द्या, दोन्ही वेळा हाताला किती ओढ लागते ते त्यांनाच सांगू द्या, आणि मग खडकवासल्याच्या दाराचं चित्र फळ्यावर काढा. दुसरा सक्करचा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी धरा, तोंडाला फडकं बांधा, आत आधी खडी, मग जाड वाळू, मग बारीक वाळू भरा. वाळू आधी चांगली धुवून घ्या, नाहीतर पहिलं पाणी उलट जास्त गढूळ येतं आणि वर्गात हशा होतो. वरून मैदानातल्या मातीचं पाणी ओता आणि खाली काचेचा ग्लास ठेवा. एका वेळी एकच वाटी ओतायची, घाई केली तर वाळूचे थर हलतात. थेंब पडायला वेळ लागतो, तेवढ्यात वाळू जास्त भरली तर काय होईल, बाटली मोठी घेतली तर काय होईल, हे विचारा. बोगद्यापर्यंत पोरं स्वतःच येतात.

पाणी नितळ दिसलं तरी त्यात जंतू असतात, ते प्यायचं नाही, हे मात्र सुरुवातीलाच बजावा. माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी ग्लासाकडे हात पुढे करतंच.